अनोळखी जनुकांची परीक्षा बेडकाच्या भ्रूणावर का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अलीकडे नवजात बालकांच्या जनुकीय तपासणीविषयी एक लेख प्रसिद्ध झाला आणि त्यावर आलेले एका वाचकाचे पत्रही आपण छापले. सार्वजनिक रुग्णालयांत मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी आईवडिलांना ताटकळत राहावे लागते, अशा परिस्थितीत ज्यांचे नावही कोणी ऐकलेले नाही अशी जनुके बेडकाच्या अंड्यांत तपासण्यावर सरकारने पैसा का घालवावा, असा त्या पत्राचा रोख होता. पत्रलेखकाची कळकळ खरी आहे, आणि शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी कमी व्हायलाच हवी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या आहेत, त्या एकाच कामाची दोन टोके आहेत. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र, त्यातही भ्रूणविज्ञान शिकवले. आजारी बालकाच्या अहवालात एखादे अनोळखी जनुक आढळले, तर त्याच्या नावापासून त्याच्या कार्यापर्यंत पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग आजही वाढत्या भ्रूणातूनच जातो, आणि त्यासाठी बेडकाच्या भ्रूणाइतके सोयीचे साधन क्वचितच मिळते, एवढेच मला सांगायचे आहे. ते एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे सविस्तर मांडतो.

आधी डॉक्टरांपुढची अडचण पाहू. जन्माला येणाऱ्या शंभरांपैकी जवळपास एका बालकाच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो; भारतात अशी दोन लाखांहून अधिक बालके दरवर्षी जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांतला एक दुर्मीळ पण अत्यंत गंभीर प्रकार म्हणजे हेटरोटॅक्सी. तो साधारणपणे दहा हजारांत एका बालकात आढळतो. आपल्या शरीराची डावी-उजवी बाजू बाहेरून सारखी दिसली, तरी आत हृदय व प्लीहा डावीकडे आणि यकृत उजवीकडे अशी ठरलेली मांडणी असते. हेटरोटॅक्सीत ही मांडणी विस्कळीत होते. यकृत किंवा जठर जागा चुकले तरी बऱ्याचदा निभावते, पण हृदयाचे तसे नाही. कोणत्या कप्प्याला कोणती रक्तवाहिनी जोडायची, हे डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेवरच अवलंबून असल्यामुळे ती खूण हरवली की हृदयाची जोडणीच चुकते. अशा बालकावर एकापाठोपाठ एक शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि पुढच्या अपत्यातही असेच होईल का, हा प्रश्न आईवडिलांना सतत छळत राहतो.

मग जनुकीय तपासणी होते. मानवात प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत आणि निरोगी माणसातही त्यांतल्या कित्येकांत दुर्मीळ बदल असतात. त्यामुळे अहवालात बदल आढळला म्हणजे आजाराचे कारण हाती लागले, असे होत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकीच्या तज्ज्ञसंस्थेने 2015 मध्ये ठरवून दिलेल्या आणि आता जगभर वापरात असलेल्या पद्धतीनुसार असे बदल रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी या पाच वर्गांत मोडतात. मधल्या वर्गाचा अहवाल हातात घेऊन बाहेर पडणारे कुटुंब तपासणीपूर्वी जिथे होते तिथेच असते. वर चिंतेत भर पडते ती वेगळीच. एकाच जनुकात दोष असलेली शंभर कुटुंबे सापडली असती, तर संख्याशास्त्राने काही सांगता आले असते. हेटरोटॅक्सीत मात्र बहुतेक प्रत्येक कुटुंबात वेगळेच जनुक संशयित म्हणून पुढे येते. एका रुग्णाच्या आधारे कारण सिद्ध होत नाही. त्या जनुकाचे शरीरात काम काय, हे स्वतंत्रपणे पाहावेच लागते.

येल विद्यापीठात मुस्तफा खोखा यांनी नेमके हेच केले. ते बालकांच्या अतिदक्षता विभागातील डॉक्टर आहेत आणि त्याच वेळी बेडकाच्या भ्रूणाचे अभ्यासकही आहेत. त्यांनी, बालहृदयरोगतज्ज्ञ मार्टिना ब्रुकनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेटरोटॅक्सीच्या अडीचशेहून अधिक रुग्णांचे जनुकसंच तपासले. गुणसूत्राचा एखादा तुकडा गळून पडला आहे किंवा जास्तीचा आला आहे असे भाग त्यांनी वेगळे काढले, आणि त्या भागांत सापडलेली काही संशयित जनुके बेडकाच्या भ्रूणात बंद करून पाहिली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पाच जनुके अशी निघाली, की जी बंद केल्यावर बेडकाच्या भ्रूणातही डावी-उजवी बाजू ठरण्यात गोंधळ झाला. त्यांतले एक होते गॅलएनटी-11. या जनुकापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) इतर प्रथिनांवर शर्करेचा एक रेणू चढवते, एवढे रसायनशास्त्रज्ञांना माहीत होते. माणसात अशी वीस विकरे आहेत. त्यांपैकी अकराव्या क्रमांकाच्या विकराचा हृदयाच्या जागेशी संबंध असेल, अशी शंका घेण्याचेही कोणाला कारण नव्हते.

या कामाचा प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो, हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. प्रयोगशाळांत वापरला जाणारा बेडूक आपल्या ओढ्या-विहिरींतला नव्हे. झेनोपस या आफ्रिकी वंशातील दोन जाती त्यासाठी पाळल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतील मोठी जात, झेनोपस लेव्हिस, प्रयोगशाळांत आली ती गर्भनिदानामुळे. 1930 च्या सुमारास केपटाउनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून असे दिसले, की विशिष्ट संप्रेरक टोचल्यास ही मादी वर्षाच्या कोणत्याही काळात अंडी घालते. गर्भवती स्त्रीच्या मूत्रातील संप्रेरकानेही तेच घडते, आणि त्यामुळे जगभरातल्या रुग्णालयांत गर्भतपासणीसाठी हे बेडूक पाळले जाऊ लागले. दुसरी जात पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनातली, आकाराने लहान, झेनोपस ट्रॉपिकॅलिस. जनुकांच्या अभ्यासाला ही अधिक सोयीची, कारण मोठ्या जातीत दोन पूर्वज जातींचे गुणसूत्रसंच एकत्र आल्यामुळे पुष्कळ जनुकांच्या दोन-दोन आवृत्त्या टिकून आहेत आणि एक बंद केली तरी दुसरी काम निभावून नेऊ शकते. लहान जातीत तशी अडचण येत नाही. तिचा जनुकसंच 2010 मध्ये आणि मोठ्या जातीचा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी आजारांशी संबंधित ठरलेल्या जनुकांपैकी सुमारे ऐंशी टक्के जनुकांची भावंडे या लहान बेडकात आढळतात.

मादीला संध्याकाळी संप्रेरक टोचले की दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेकड्यांनी अंडी देते. मोठ्या जातीचे अंडे मोहरीच्या दाण्याएवढे, सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते. वरचा अर्धा भाग गडद तपकिरी आणि खालचा पीतकाने भरलेला, फिकट. अंडी बशीत घेऊन त्यांवर शुक्राणू सोडले की थोड्याच वेळात सगळी अंडी आपापल्या चिकट वेष्टनात फिरतात आणि गडद बाजू वर येते. फलन झाल्याची ही पहिली खूण. मग सिस्टीन या अमिनो आम्लाच्या द्रावणाने ते चिकट वेष्टन विरघळवतात. अंडी मोकळी झाली की ती एकमेकांना अगदी खेटून बसतात. फलनानंतर साधारण दीड तासाने अंड्याच्या माथ्यावर एक बारीक रेघ उमटते, ती खाली उतरत जाते, आणि एका पेशीच्या दोन होतात. पुष्कळदा ही पहिली रेघच भावी शरीराची डावी आणि उजवी बाजू विभागते. अभ्यासकाची खरी घाई याच क्षणी असते, कारण पुढचे विभाजन अर्ध्या तासावर आलेले असते. काचेची नळी तापवून ओढलेली, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा टोकाची सुई दोनपैकी एकाच पेशीत खुपसून काही नॅनोलिटर द्रव आत सोडायचा, आणि लगेच शेजारच्या भ्रूणाकडे वळायचे. त्या द्रवात संशयित जनुकाचा संदेश, म्हणजे प्रथिन घडवण्याची सूचना वाहून नेणारा आरएनए, अडवणारा रेणू असतो आणि सोबत चमकणारा रंगही मिसळलेला असतो. त्यामुळे कोणत्या बाजूला टोचले गेले, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. न टोचलेली बाजू त्याच भ्रूणात तुलनेसाठी हाताशी राहते. ही सोय उंदराच्या भ्रूणात नाही. तो आईच्या गर्भाशयात वाढतो आणि दर वेळी मोजकेच भ्रूण मिळतात.

त्यानंतरचे काम बघत राहण्याचे. पहिल्या बारा विभाजनांपर्यंत भ्रूण मातेने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर चालतो आणि सुमारे चार हजार पेशी झाल्यावर त्याची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात. दहाव्या तासाच्या सुमारास बाहेरच्या पेशी आत वळू लागतात, पहिल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत पाठीवर मज्जानलिका मिटते, दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागते. तीन-चार दिवसांत पोट पारदर्शक असलेला टॅडपोल तयार होतो. त्याला उताणा करून पाहिले, की हृदयाची नळी कोणत्या बाजूला वळली आहे आणि आतड्याचे वेटोळे कोणत्या दिशेने फिरले आहे, हे चाकू न लावता, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. निरोगी टॅडपोलांत हृदयाचे वळण जवळजवळ नेहमी ठरलेल्या बाजूलाच असते. गॅलएनटी-11 बंद केलेल्या टॅडपोलांत मात्र ते चुकू लागले.

इथे थांबले असते, तर एक सूचक निरीक्षण हाती लागले असते, एवढेच. गटाने पुढे दोन वर्षे खर्चून या विकराचे नेमके काम कोणते आणि ते कुठे चालते याचा शोध घेतला, आणि 2013 मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. भ्रूणाच्या आदिम आतड्याच्या छतावर पेशींचा एक छोटासा पट्टा थोड्या काळापुरता तयार होतो. त्यातील प्रत्येक पेशीवर एक सूक्ष्म तंतू असतो. पाठ्यपुस्तकांत त्याला पक्ष्माभिका म्हणतात, प्रयोगशाळांत सिलिया. मधल्या पेशींचे तंतू गरगर फिरतात आणि द्रवाला उजवीकडून डावीकडे वाहते करतात. कडेच्या पेशींचे तंतू हलत नाहीत. वाहणाऱ्या द्रवाचा दाब ओळखणे हे त्यांचे काम. डाव्या कडेला प्रवाह ओळखला गेला की तिथे डँड-5 या रोधक जनुकाचा अंमल ओसरतो, नोडल नावाचे, पेशींना खूण देणारे प्रथिन मोकळे होते, आणि त्यामागून पिटएक्स-2 हे जनुक फक्त डाव्या बाजूच्या पेशींत चालू होते. तिथून पुढे हृदय वळते. शरीराची डावी बाजू डावी ठरते ती या काही तासांच्या प्रवाहातून, ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगितली आणि दर वर्षी मला तिचे नव्याने आश्चर्य वाटले.

आता हे तंतू फिरणारे होणार की स्थिर राहणार, हे नॉच या संदेशवाहक यंत्रणेवर ठरते. गॅलएनटी-11 हे विकर नॉचच्या ग्राहक प्रथिनावर शर्करा चढवून त्याला कार्यान्वित होण्यास मदत करते. ते नसेल, तर नॉच मंदावते आणि फिरणारे तंतू वाढून स्थिर तंतू कमी होतात. प्रवाह आहे, पण तो ओळखणारे अपुरे, अशी स्थिती येते. नॉच प्रमाणाबाहेर वाढवले, तर नेमके उलट होते. ओळखणारे आहेत, पण प्रवाहच नाही. दोन्ही प्रकारे बाजू ठरण्यात चूक होते. दुसऱ्या प्रकाराशी मिळताजुळता मानवी आजार डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. तंतूंची हालचाल जन्मतः बंद असलेल्या रुग्णांना वारंवार श्वसनविकार होतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांचे हृदय उजवीकडे असते. म्हणजे एका बालकाच्या अहवालातले अपरिचित नाव, शर्करा चढवणारे एक विकर, आधीपासून ज्ञात असलेली नॉच यंत्रणा आणि हृदयाची जागा, या सगळ्यांना जोडणारा धागा बेडकाच्या भ्रूणात सापडला. हृदयाच्या पेशी नुसत्या बशीत वाढवून तो सापडला नसता, कारण चूक हृदयात नव्हतीच. हृदय तयार होण्याच्या आधी, आणि दुसऱ्याच जागी, ती घडून गेलेली होती. भ्रूणाचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

त्या पाचांपैकी एनयूपी-188 या दुसऱ्या जनुकाची कथाही अशीच अनपेक्षित. त्याचे प्रथिन पेशीकेंद्राच्या पटलातील छिद्रांचा भाग म्हणून ज्ञात होते. ते सूक्ष्म तंतूच्या बुडाशीही असते, हे 2016 मध्ये पुन्हा याच मार्गाने उघड झाले.

या पद्धतीच्या मर्यादा लपवून तिची बाजू मांडणे योग्य होणार नाही. जनुकाचा संदेश अडवण्यासाठी या क्षेत्रात 2000 सालापासून मॉर्फोलिनो नावाचे कृत्रिम रेणू वापरले जात आहेत. ते कधीकधी लक्ष्याबाहेरच्या संदेशांनाही चिकटतात. 2018 मध्ये तर असे दाखवले गेले, की ते बेडकाच्या भ्रूणात रोगप्रतिकारक प्रतिसाद चाळवू शकतात. भ्रूण बिघडला तो जनुक बंद पडल्यामुळे की रेणूच्या उपद्रवामुळे, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक वेळी विचारावा लागतो. त्याचे उत्तर देण्याची रीत ठरलेली आहे. संदेश अडवतानाच, अडवणाऱ्या रेणूला ओळखता येणार नाही अशा रूपात तोच संदेश बाहेरून पुरवायचा. भ्रूण सावरला, तर दोष त्या जनुकाचाच होता असे म्हणता येते. 2013 पासून जनुक थेट कापण्याचे क्रिस्पर तंत्रही झेनोपसमध्ये वापरले जाते. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच परिणाम मिळाला, तर खात्री वाढते. एवढे सगळे झाल्यावरही त्या विशिष्ट बालकातील विशिष्ट बदल रोगकारकच आहे, असे बेडूक परस्पर सांगत नाही. ते जनुक डावी-उजवी बाजू ठरवण्यात भाग घेते, एवढे तो सांगतो. बालकातील बदललेला संदेश भ्रूणाला सावरू शकतो का, ही पुढची पायरी निराळी असते. 2015 च्या त्या नियमावलीतही नीट केलेल्या कार्यविषयक प्रयोगाला पुरावा म्हणून स्थान दिलेले आहे, पण तो अनेक पुराव्यांतला एक असतो.

पत्रलेखकांनी या संशोधनाचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे विचारले आहे. उपयोग कधी आणि कोणत्या दारातून येतो, हे नॉगिन या जनुकाच्या बाबतीत चांगले दिसते. झेनोपसच्या फलित अंड्याच्या खालच्या भागावर पहिल्या विभाजनापूर्वी अतिनील किरण सोडले, तर भ्रूणाला पाठ आणि डोके येतच नाही. पोटाकडील ऊतींचा एक गोळा तेवढा वाढतो. 1992 मध्ये अमेरिकेत विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हारलँड यांनी भ्रूणातील हजारो संदेशांचे गट पाडले आणि एकेक गट अशा किरणांनी बिघडवलेल्या भ्रूणांत टोचला. ज्या गटाने पाठ परत आणली त्याचे पुन्हा लहान गट पाडले, आणि असे करत करत ते एकाच जनुकापर्यंत पोहोचले. तोवर ते जनुक कोणाच्याच यादीत नव्हते. त्याचे प्रथिन बीएमपी-4 या, हाड घडवण्याचाही संकेत देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते आणि निष्प्रभ करते, हे 1996 मध्ये कळले. 1999 मध्ये बोटांचे सांधे जन्मतः जुळलेले असणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास झाला तेव्हा दोष नॉगिनमध्येच निघाला, आणि सांधे का जुळतात याचे स्पष्टीकरण पुष्कळसे तयारच होते. बेडकाला पाठ कशी येते, हे 1992 मध्ये विचारणाऱ्यांपुढे बोटांच्या सांध्यांचा रुग्ण नव्हता. तरीही त्या रुग्णाचे उत्तर तिथेच घडत होते.

या प्रवासात पुण्याचाही वाटा आहे आणि तो आपल्या वाचकांना माहीत असावा, असे मनापासून वाटते. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक अभ्यासाची परंपरा रुजवली. त्या स्वतः एडिंबरा येथे ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या होत्या. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रा या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्यात नॉगिनसारखे जनुक शोधले. हायड्राला पाठीचा कणा नाही, डोके म्हणावे असा मेंदू नाही. त्याच्या आणि बेडकाच्या पूर्वजांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. जपानमधील माकोतो आसाशिमा यांच्या गटाच्या सहकार्याने त्यांनी हायड्राच्या जनुकाचा संदेश झेनोपसच्या भ्रूणात टोचला, आणि टोचलेल्या प्रत्येक भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष, म्हणजे जादा पाठ, उगवली. अतिनील किरणांनी बिघडवलेले भ्रूणही त्याने अंशतः सावरले. हे काम 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी जनुकाची परीक्षा बेडकाच्या भ्रूणावर घेण्याचे याहून निखळ उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आपल्या शहरातील संस्थेने घडवले याचा मला अभिमान वाटतो.

मग अशी कामे कमी का होतात? याचे एक कारण पैशांपेक्षा सवयीत आहे. जगातील जैववैद्यकीय संशोधनाचा फार मोठा हिस्सा थोड्याच जनुकांभोवती फिरतो. कर्करोगाशी संबंधित टीपी-53 या एकट्या जनुकावर हजारो शोधनिबंध आहेत, तर हजारो जनुकांविषयी नावापलीकडे काहीही लिहिले गेलेले नाही. तरुण संशोधकाच्या दृष्टीने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. परिचित जनुकासाठी रसायने बाजारात तयार मिळतात, परीक्षकांना विषय समजावून सांगावा लागत नाही आणि तीन वर्षांच्या मुदतीत काहीतरी हाती लागण्याची शाश्वती असते. अनोळखी जनुक घेतले, तर पहिले वर्ष ते भ्रूणात कुठे आणि केव्हा चालू होते हे पाहण्यातच जाते. ते बंद करूनही भ्रूण धडधाकट वाढला, तर छापण्यासारखे काही उरत नाही, असे मानले जाते. माझ्या मते हा समज चुकीचा आहे. संशयितांच्या यादीतून एक नाव वगळले गेले, ही माहिती त्याच जनुकाचा अहवाल हाती असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला तितकीच उपयोगी असते. अनुदान देणाऱ्या आपल्या सरकारी विभागांनी अनोळखी जनुकांसाठी थोडा निधी वेगळा ठेवला, मुदत पाच वर्षांची केली आणि नकारात्मक निष्कर्षही नोंदवून घेतले, तर अशा विषयाकडे वळण्याचे धैर्य पुष्कळांना होईल.

बेडकांच्या जिवाचा प्रश्नही त्या पत्रात होता, आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. मादीला अंड्यांसाठी मारावे लागत नाही. काही महिन्यांची विश्रांती देऊन तिच्यापासून पुन्हा अंडी मिळतात. शुक्राणूंसाठी मात्र नराचा बळी बहुधा द्यावा लागतो. आपल्याकडे प्राण्यांवरील प्रयोगांवर केंद्रीय समितीची देखरेख आहे आणि ती असायलाच हवी. महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांसाठी वर्षानुवर्षे रानातून पकडून आणलेल्या बेडकांचे विच्छेदन होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते थांबवले, याचे मी शिक्षक म्हणून स्वागतच केले, कारण ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहण्यासाठी ते जीव जात होते. ठाऊक नसलेली गोष्ट शोधण्यासाठी, मोजक्या आणि पाळलेल्या प्राण्यांवर, परवानगीने होणारे काम या तराजूत घालू नये. झेनोपस बाहेर सुटला तर तो परक्या प्रदेशात रुजतो, हे काही देशांनी अनुभवले आहे. सह्याद्रीच्या दुर्मीळ बेडकांचा विचार करता त्याला बंदिस्त ठेवण्याचे नियम कडकच हवेत.

आता दोन विनंत्या. पहिली आपल्या वृत्तपत्राला. एखाद्या आजाराचे जनुक सापडल्याची बातमी देताना ते किती रुग्णांत आढळले, त्याचे काम कोणत्या प्राण्यात किंवा पेशींत तपासले गेले, आणि बाहेरून संदेश पुरवून दोष भरून काढता आला का, एवढे तीन तपशील बातमीत असावेत. ते मिळाले नाहीत, तर तसे स्पष्ट लिहावे. अशा बातमीचे कात्रण घेऊन पालक डॉक्टरांकडे जातात आणि त्यावरून पुढील गर्भधारणेबाबत निर्णय घेतात. बातमीतला उतावळेपणा त्यांना महागात पडतो.

दुसरी विनंती राज्यातील वैद्यकीय आणि वैज्ञानिक संस्थांना. मुंबई-पुण्यातील बालहृदयरोग केंद्रांकडे अनिश्चित अर्थाच्या अहवालांचे गठ्ठे साचत आहेत, आणि त्याच शहरांत भ्रूणविज्ञानात प्रशिक्षित मनुष्यबळ आहे. या दोघांत नियमित देवाणघेवाण नाही. रुग्णांची ओळख गुप्त ठेवून, त्यांच्या संमतीने, दर वर्षी काही मोजकी संशयित जनुके निवडावीत, ती झेनोपसच्या भ्रूणात तपासावीत आणि निष्कर्ष संबंधित डॉक्टरांना लेखी कळवावेत, अशी सामायिक व्यवस्था एखाद्या संस्थेत उभी राहू शकते. टाक्या, सूक्ष्मदर्शक, सुया ओढण्याचे यंत्र आणि प्रशिक्षित हात, एवढीच तिची मुख्य गरज आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या निधीतून त्यासाठी काही काढून घेण्याचे कारण नाही. त्या पत्रलेखकांनी शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायादीबद्दल जो पाठपुरावा चालवला आहे, त्यात त्यांनी ही मागणीही जोडावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. त्या कामासाठी माझ्याकडून लागेल ती मदत करण्यास मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
पुणे